भिवराआत्याची उथळ टोपली

कधीकाळी, तुमच्या पणजीच्या पणजीलाही ज्या काळाची धड आठवण नसेल अशा काळी, एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाचं नाव विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्याला नाव विचारलं की तो एखादं ठोकून देतो, आणि ऐकणारे ते गाव शोधत हिंडत बसतात. इतकंच समजा, की तिथे भर उन्हाळ्यातही पहाटे घोंगडी लागायची, आणि गावाभोवतीच्या उतारावर काटेरी झुडपांच्या रांगाच रांगा होत्या.

त्या झुडपांना लाल फळं यायची. बारीक बारीक रसाळ मण्यांचं मिळून एक फळ. आज बाजारात आपण जिला रासबेरी म्हणतो ना, तीच. गावातले लोक तिला नुसतं ‘तांबडी’ म्हणत. पिकली की ती देठावरच्या पांढऱ्या बोंडावरून अलगद सुटून येते आणि आतून पोकळ निघते. तिथली पोरं पाची बोटांवर पाच तांबड्या टोप्यांसारख्या चढवायची आणि एकेक टोपी खाऊन टाकायची.

फळ गोड, पण नखरेल. घट्ट धरलं की फुटतं, ओलं राहिलं की बुरसतं, एकावर एक रचलं की खालच्याचं पाणी होतं. आणि नासलं तर एकटं नासत नाही, शेजाऱ्यांनाही सोबत घेऊन जातं. म्हणून गावात एक रीत होती. तोडताना जी तांबडी हाताला मऊ लागेल ती टोपलीत ठेवायची नाही आणि खालीही टाकायची नाही. टोपलीत गेली तर टोपली नासवणार, खाली पडली तर गांधीलमाश्या बोलावणार. तोडणाऱ्यानं ती तिथल्या तिथं तोंडात टाकायची.

त्यामुळे तोडणीच्या दिवसांत सगळ्या गावाचे ओठ लालभडक असायचे. परक्या माणसाला वाटायचं, काय हावरट लोक आहेत हे! गावाला त्याचं काही नव्हतं. खाणं हे तिथे कामच होतं, आणि असलं काम वाट्याला आलं तर तक्रार कोण करणार?

या कामात सगळ्यांत तरबेज होती भिवराआत्या. ऐन तरुणपणी नवरा गेला म्हणून ती माहेरी परतली, ती भावाच्या घरात राहिली. बोलायला फटकळ. गोड बोलून कुणाला बरं वाटावं असं तिनं जन्मात केलं नाही. पण हात! तो हात बघायला मी त्या काळात नव्हतो याची मला खरोखर हळहळ वाटते. अंगठा आणि दोन बोटं ती फळाखाली नेई, ओढत नसे, नुसता आधार देई. फळ सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर, “ऱ्हा बाई अजून दोन दिस,” असं म्हणून पुढे सरके. जणू झुडपाला विचारून घ्यायची. तिच्या टोपलीतली तांबडी सगळ्यांत शेवटी नासायची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे.

तिच्या भावाची बायको सगुणा. स्वभावानं अगदी उलटी, मऊ आणि हळवी. नणंदेला ती ‘वन्सं’ म्हणे आणि मनातून थोडी भीत असे. सगुणेला एकुलती एक लेक, तुळसा. आदल्या वर्षी तुळसेचं लग्न झालं आणि ती डोंगर उतरून, वाटेत एक मुक्काम करून, नदीपलीकडच्या गावी नांदायला गेली. ते गाव सपाटीवरचं. तिथे ऊन असं पडायचं की दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नसत.

एके दिवशी मीठ विकायला वर येणारा बैलवाला सगुणेच्या दारात थांबला. गोणी उतरवायच्या आधीच म्हणाला, “तुळसा गरवार हाय. पर पोटात पाणी ठरत न्हाई तिच्या. नुसती चिपाडागत झालीया. वैद्य म्हनतोय, काय तरी पोटात गेलंच पायजे, न्हाईतर दोन्ही जीव हातचं जातील.”

“तिला काय खावंसं वाटतंय का?” तुळसेच्या बापानं विचारलं.

“एकच धोशा लावलाय. माहेरच्या तांबड्या आना म्हनती.”

सगुणा तडक गावदेवीपुढे जाऊन उभी राहिली. तिनं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आई, माझ्या लेकीच्या तोंडात तांबडी पडत न्हाई तवर माझ्या जिभंला तांबडी लागायची न्हाई.”

आईनं असा नेम केल्यावर गाव मागे कसं राहील? गावातल्या बाया म्हणाल्या, आम्हीही खाणार नाही. पुरुष म्हणाले, आम्हीही नाही. त्या दिवशी सगळं गाव तोडणीला उतरलं. ज्यांनी कधी काट्याला हात लावला नव्हता तेही उतरले. एका पोरानं सवयीनं बोट चाटलं, तर त्याच्या आईनं त्याला धपाटा घातला. सगळं तुळसेसाठी! एकही फळ दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाता कामा नये!

भिवराआत्यानं एक तांबडी तोडली, बोटांत दाबून पाहिली आणि नेहमीसारखी तोंडात टाकली.

“वन्सं!” सगुणा किंचाळलीच. “माझी लेक तिकडं उपाशी, आन् तुमी खाताय?”

“मऊ हुती.”

“मऊ असली तरी तिची हाय ती!”

आत्या म्हणाली, “ती टोपलीत गेली तर तिची न्हाई ऱ्हायची, कुनाचीच न्हाई ऱ्हायची. आन् हे एवढं ओरबाडताय कशाला? बोंडासकट येतायत ती हिरवी फळं. घरी नेली म्हनून पिकनार हायत का?”

पण त्या दिवशी ऐकायला कुणाला वेळ होता? एका बाईनं आत्याच्या हातातली टोपली काढून घेतली. दुसरी म्हणाली, पोटचं पोर नाही, तिला काय कळायची आईची माया. आत्यानं ते ऐकलं. ती बांधावर जाऊन बसली.

मला गंमत वाटते ती ही, की गावातल्या एकेकाला सगळं माहीत होतं. मऊ फळ खायचं असतं, हे माहीत होतं. तांबडी ओली करायची नसते, हे माहीत होतं. पण लेकीला स्वच्छ फळं मिळावीत म्हणून बायांनी ती झऱ्यावर नेऊन धुतली. कमी पडू नयेत म्हणून सर्वांत खोल टोपला, मोठा हारा काढला. प्रत्येक घरानं वरून एकेक ओंजळ घातली, आणि शेवटी जागा उरेना तेव्हा कुणीतरी मायेनं तळहातानं दाबून जागा केली. तुळसेच्या बापानं तो भरगच्च हारा डोक्यावर घेतला आणि तो धावत सुटला.

चार दिवसांनी तो परत आला. त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत वाळलेल्या लाल रसाचे ओघळ होते. हारा रिकामा होता.

“वाटंतच गळाया लागला,” तो म्हणाला. “माश्या पाठ सोडंनात. तिच्या म्होरं झाकन उघडलं तर आत नुसता आंबूस काला. तरी पोरीनं दोन बोटं बुडवून तोंडात घातली. माझ्यासाठी घातली गं ती. आन् हुतं नव्हतं तेवढं पानीबी ओकली.”

सगुणा भिंतीला टेकून बसली होती. दारात जमलेले लोक एकेक करून खाली मान घालून निघून गेले. झुडपं तर त्यांनी ओरबाडून उजाड केली होती. फक्त डोंगराच्या सावलीच्या अंगाला, जिथे फळ उशिरा धरतं, तिथे थोड्या झुडपांवर काही तांबड्या राहिल्या होत्या.

भिवराआत्या चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “सगुणे, उद्या मी तोडनार. एकटीच तोडनार. तोडताना खानार, वाटंनं जाताना खानार. तुला बघवत आसंल तर चल संगं. न्हाईतर डोळं मिटून घरात बस.”

सगुणा म्हणाली, “मी येनार.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगुणा झुडपांपाशी जाऊन उभी होती. आत्या सावकाश आली आणि चक्क दगडावर बसली. पानापानावर दव होतं.

“वन्सं, चला की!”

“दव उडू दे.”

“तिकडं पोरगी मरायला टेकलीया!”

“म्हनूनच उडू दे. वल्लं फळ सांजच्याला बुरसंल.”

सगुणा येरझाऱ्या घालत राहिली. मला सांगा, अशा वेळी नुसतं बसून राहायला किती धीर लागत असेल? धावणाऱ्याला लोक शाबासकी देतात. दगडावर बसणाऱ्याला कोण देतं? आत्या बसून राहिली. कोवळं ऊन आलं, पानं कोरडी झाली, ऊन तापायला अजून अवकाश होता. मग ती उठली.

तिनं आणलेली टोपली सुपाएवढी उथळ होती. तिच्यात वाळलेल्या मऊ गवताचा थर होता. एकेक तांबडी ती पोकळ तोंड खाली करून गवतावर ठेवी, दोघींत बोटभर जागा सोडी. एकावर दुसरी म्हणून ठेवायची नाही. जी सुटत नव्हती ती तिनं झुडपावरच ठेवली. जी फार सहज सुटली, गडद लाल आणि गोड वासाची, ती तोंडात टाकली. सगळ्यांत सुंदर दिसणारी फळं ती खात होती, आणि सगुणा हाताच्या मुठी वळून बघत होती.

टोपलीचा तळ भरला तशी आत्या थांबली. “झालं,” ती म्हणाली.

“येवढंच? झुडपावर अजून हायत की!”

“एका थरात मावतात तेवढीच पोचतात.” तिनं वर पानं अंथरली, झाकण लावलं, पातळ फडक्यात टोपली बांधली आणि दोघी निघाल्या.

गार होतं तोवर त्या झपाझप चालल्या. ऊन चढलं तशी आत्यानं एका ओढ्याकाठी मुक्काम ठोकला. टोपली पाण्यावर वाकलेल्या फांदीला टांगली, म्हणजे खालून गारवा आणि बाजूनं वारा. मग ती झाडाखाली आडवी झाली. सगुणेच्या डोळ्याला डोळा लागेना. ऊन कललं तेव्हा आत्यानं टोपली उतरवली, झाकण उघडलं, वास घेतला, बोटानं एकेकीला हळूच विचारल्यासारखं केलं आणि त्यातल्या काही उचलून खाल्ल्या.

आता मात्र सगुणेचा बांध फुटला. “वन्सं, तुमच्या पाया पडते. लेकीच्या तोंडचा घास हाय त्यो. मऊ झाली तर टाकून द्या, पर खाताय कशापायी? माझ्या म्होरं मिटक्या मारत?”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. “टाकली तर मला काय कळनार? आत्ता खाल्ली ती नुसती मऊ हुती, गोडी जागेवर हुती. म्हंजी बाकीच्या उद्या सकाळपत्तोर तगतील. तीच जिभंला आंबूस लागली असती, तर आत्ता उठून वाटंत कुठंबी न थांबता पळालो असतो. डोळ्याला समद्या सारख्याच लाल. आतलं जीभ सांगती.”

सगुणेला ते पटलं असं नाही. पण टोपली मात्र आता तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली.

वाटेत एका ओळखीच्या घरी पाठ टेकून दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्या नदीवर आल्या. पलीकडच्या तीरावर, नदीचं वाळवंट ओलांडलं की तुळसेचं सासर. काठावर नाव उभी होती आणि नावेत एक लग्नाचं वऱ्हाड बसलं होतं. रंगीत लुगडी, पेट्या, पोरं, आणि एक गरीब चेहऱ्याची शेळीसुद्धा.

नावाडी म्हणाला, “एकच मानूस मावंल. आन् ही खेप गेली की मग ऊन उतरल्याबिगर न्हाई. दुपारचा वारा लई वंगाळ.”

“तू जा,” आत्या म्हणाली. “लेक तुजी हाय.”

“वन्सं, पर टोपली? पलीकडं वाळू तापलेली आसंल. मला न्हाई कळत त्यातलं.”

“कळतं तुला. तूबी ह्याच डोंगरावर वाढलीस.” आत्यानं टोपली तिच्या डोक्यावरून उतरवून हातात दिली. “नावंत उघड. मऊ झाल्याल्या काढ. आन् खा.”

“माझा नेम हाय.”

“मला ठावं हाय तुजा नेम.” एवढंच बोलून आत्यानं तिला पाठीला हात लावून नावेत चढवलं.

नाव निघाली. ऊन भराभर चढत होतं आणि पाण्यावरून डोळ्यांत घुसत होतं. थोड्या वेळानं टोपलीभोवती एक माशी घोंघावायला लागली, मग दुसरी आली. सगुणेनं झाकण काढलं. एका कोपऱ्यात गवतावर लाल डाग पसरला होता. एक तांबडी खचली होती आणि शेजारणीला टेकली होती.

सगुणेनं ती उचलली. हात तोंडाकडे गेला आणि थांबला. देवीपुढे जोडलेले हात तिला आठवले. लेकीच्या आधी आईनं खावं? तिनं ती तांबडी नदीत टाकून दिली. शेजारचीही टाकली. तिसरी जराशी काळसर दिसली, म्हणून तीही भिरकावली. ती पाण्यावर पडली, बुडाली नाही, फुटली नाही. टुणटुणीत, धडधाकट तांबडी नावेच्या मागे तरंगत राहिली.

चांगली होती ती! लेकीची होती!

तिनं पुन्हा टोपलीत पाहिलं. सगळ्या सारख्याच लाल. कोणती चांगली, कोणती आतून बिघडलेली? टाकत गेलं तर चांगल्या जातील, ठेवाव्यात तर बिघडलेल्या राहतील. आणि पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत पुन्हा तोच काला व्हायचा. तुळसेनं काल्यात बुडवलेली दोन बोटं तिला दिसली. त्या क्षणी तिला कळलं, की आपला नेम लेकीच्या काही कामाचा नाही. तो फक्त आपल्याला आपण चांगली आई आहोत असं वाटावं एवढ्याच कामाचा आहे.

तिनं डागाजवळची एक तांबडी उचलली आणि तोंडात टाकली.

गोड लागली. आपल्या डोंगरासारखी, घरासारखी. सगुणेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दुसरी खाल्ली, ती मऊ होती पण बरी होती. तिसरी जिभेच्या शेंड्याला किंचित आंबूस लागली. तिला चिकटून असलेल्या दोन्ही तिनं लगेच काढल्या आणि खाल्ल्या. उरलेल्या दूर दूर सरकवल्या, डाग पडलेलं गवत काढून टाकलं, पदर पाण्यात भिजवून घट्ट पिळला आणि झाकणावरून पसरला, फळाला ओल लागणार नाही असा. कुणी शिकवलं तिला हे? कुणी नाही. तिला येतच होतं.

वऱ्हाडातली एक बाई हे सगळं बघत होती. तिनं विचारलं, “कुनासाठी चालवलंय गं हे?”

“लेकीसाठी. गरवार हाय, अन्न जात न्हाई तिला.”

“अगंबाई! आन् तूच खात बसलीयास व्हय?” ती बाई शेजारणीला कोपरखळी मारून हसली. सगळ्या वऱ्हाडानं माना वळवल्या.

“व्हय,” सगुणा म्हणाली आणि आणखी एक खाल्ली.

पलीकडे उतरून ती वाळवंट तुडवत निघाली. पाय भाजत होते. मध्ये एकुलतं एक बाभळीचं झाड लागलं, तिथे थांबून तिनं पुन्हा टोपली उघडली, पुन्हा जिभेला विचारलं. मुलीच्या दारात पोचली तेव्हा विहीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी घामाघूम झालेल्या सगुणेकडे पाहिलं. तिचे ओठ लाल, बोटं लाल, हनुवटीवर एक लाल थेंब वाळलेला. हातातल्या टोपलीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“विहीणबाई, तुमी खाल्ल्या?”

“खाल्ल्या,” सगुणा म्हणाली. “वाईच पानी द्या.”

ती आत गेली. तुळसा खाटेवर पडली होती. ओळखू येऊ नये इतकी वाळली होती. सगुणेनं खाली बसून झाकण काढलं. टोपलीत जेमतेम ओंजळभर तांबड्या उरल्या होत्या. पण ती ओंजळ काय वर्णावी! एकेक मणी शाबूत, एकेक फळ ताठ, नुकतंच झुडपावरून उतरल्यासारखं. खोलीत डोंगराचा वास आला. तुळसेनं डोळे उघडले.

सगुणेनं तेव्हाच, अगदी तोंडात द्यायच्या वेळी, एका तांबडीवरून गार पाणी ओतलं आणि ती लेकीच्या ओठांत ठेवली. तुळसेनं ती जिभेवर घोळवली. गिळली. विहीणबाईंच्या हातात ओकारी झेलायला तस्त तयार होतं.

काही झालं नाही.

“अजून दे,” तुळसा म्हणाली.

तिनं दुसरी खाल्ली, मग तिसरी. थोड्या वेळानं चौथी खाऊन ती गाढ झोपली. झोपेतून उठली ती भाताची पेज मागत. विहीणबाईंनी तस्त ठेवून दिलं आणि सगुणेचे लाल हात आपल्या हातांत घेतले. ऊन उतरल्यावर दुसऱ्या खेपेनं भिवराआत्या आली. तिनं दारातून आधी भावजयीच्या ओठांकडे पाहिलं, मग खाटेकडे, आणि उंबऱ्यातच बसून पदरात तोंड लपवून हमसून रडली. उभ्या जन्मात तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

सगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. “वन्सं, गाव तुमास्नी काय काय बोललं. मीबी बोलले.”

“बोलू दे गं,” आत्या नाक पुसत म्हणाली. “पोरगी खाती हाय न्हवं?”

पुढे तुळसेला गुटगुटीत मुलगी झाली. डोंगरावरच्या त्या गावातून पुढे कितीतरी वर्षं तांबड्यांच्या उथळ टोपल्या खाली उतरत राहिल्या, आजाऱ्यांना, बाळंतिणींना, दूर दिलेल्या लेकींना. आणि नदीपलीकडच्या गावांत एक रिवाजच पडला. टोपली घेऊन आलेल्या माणसाच्या डोक्यावर काय आहे ते लोक नंतर बघत, आधी त्याचे ओठ बघत. ओठ लाल असतील तर त्याला घरात घेऊन पाट मांडत. ओठ कोरडे असतील तर टोपली न उघडताच परत पाठवत.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या माणसासाठी आपण किती सोसलं यावर माया ठरत नाही, त्याच्यापर्यंत काय धड पोचलं यावर ठरते.